एकाच पुलावरून सिगारेट आणि ॲम्ब्युलन्स

फ्रान्सच्या दक्षिण टोकाला, पिरेनीजच्या डोंगरात, बूर-मादाम नावाचं छोटं गाव आहे. गावाच्या कडेनं ओढ्याएवढी एक नदी वाहते. तिच्यावरचा पूल चालत ओलांडला की स्पेन सुरू होतो आणि पुचसर्दा हे गाव लागतं. एरवी या पुलावर पासपोर्ट कोणी मागत नाही. फ्रान्समध्ये तंबाखूच्या दुकानावर लाल रंगाची, लांबट शंकरपाळ्याच्या आकाराची पाटी असते. तिला तिथले लोक 'गाजर' म्हणतात, कारण पूर्वी तंबाखूची पानं गाजरासारखी गुंडाळून विकायला यायची. त्या दुकानात सिगारेटचं एक पाकीट १२ युरोंच्या वर जातं. पूल ओलांडून स्पेनच्या सरकारी परवान्याच्या दुकानात गेलं की तेच पाकीट साधारण निम्म्या किमतीत मिळतं. साहजिकच फ्रान्समधले ओढणारे पिशवी घेऊन पलीकडे जातात.

याच भागात सप्टेंबर २०१४ मध्ये एक रुग्णालय सुरू झालं. इमारत स्पेनमध्ये, पण मालकी दोन्ही देशांची. फ्रान्समधल्या खेड्यात कुणाची छाती दुखायला लागली, तर तिथून निघालेली ॲम्ब्युलन्सही सीमा ओलांडून स्पेनमध्येच येते.

एकाच सीमेवरून सिगारेट इकडे येते आणि पेशंट तिकडे जातो. युरोपातलं तंबाखू नियंत्रण आणि सीमेपलीकडचे उपचार हे दोन विषय एकमेकांना कसे बांधलेले आहेत, हे समजून घ्यायचं तर या पुलावर उभं राहून बघावं.

सिंधुदुर्गातल्या वाचकाला हे चित्र लगेच ओळखीचं वाटेल. गोव्यात दारूवरचा कर कमी, त्यामुळे बाटल्या उत्तरेकडे येतात. आणि बांदा-दोडामार्गाकडचा गंभीर पेशंट दक्षिणेला, बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजमध्ये जातो. २०१८ च्या सुरुवातीला गोवा सरकारनं बाहेरच्या रुग्णांना शुल्क लावलं तेव्हा दोडामार्गात मोठं आंदोलन झालं होतं. आपल्याकडे निदान देश एक आहे. युरोपात हाच प्रश्न २७ सरकारं, २७ करपद्धती आणि २७ आरोग्ययंत्रणा यांच्यामध्ये सोडवावा लागतो.

आता मुळाशी जाऊ. युरोपियन युनियन जन्माला आली ती एकत्र बाजारपेठ म्हणून. माल, माणसं, सेवा आणि भांडवल या चारही गोष्टी देशादेशांत मोकळेपणानं फिरल्या पाहिजेत, हा तिचा पाया. आरोग्य मात्र प्रत्येक देशानं स्वतःकडे ठेवलं. कोणता उपचार मोफत, डॉक्टरला किती पैसे, रुग्णालयं सरकारी की खासगी, हे ठरवायचा अधिकार त्या त्या देशाचा. युनियनच्या मूळ कराराच्या कलम १६८ मध्ये हे स्पष्ट लिहिलंय. लोकांच्या आरोग्यासाठी म्हणून युनियन देशांना मदत करू शकते, शिफारस करू शकते, पण त्या एका कारणावर सगळ्यांचे कायदे सारखे करू शकत नाही. कायदे सारखे करायचे तर कलम ११४ लागतं, आणि ते कलम बाजारपेठेचं आहे.

हा मुद्दा नीट ध्यानात ठेवला की पुढचं सगळं सोपं होतं. ब्रसेल्सला, म्हणजे युनियनच्या मुख्यालयाला, सिगारेटबद्दल काही करायचं असेल तर आधी दाखवून द्यावं लागतं की हा बाजाराचा प्रश्न आहे. कॅन्सर होतो, माणसं मरतात, युनियनचा कारभार चालवणाऱ्या युरोपियन कमिशनच्याच हिशेबानं युनियनमध्ये वर्षाला सुमारे ७ लाख माणसं तंबाखूमुळे जातात, एवढं म्हणून कायद्याचं काम भागत नाही.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण २००० सालचं आहे. त्याआधी दोन वर्षं युनियननं तंबाखूच्या जवळजवळ सगळ्या जाहिरातींवर बंदी घालणारा निर्देश काढला होता. निर्देश म्हणजे उद्दिष्ट ब्रसेल्सनं ठरवायचं आणि ते गाठण्यासाठी प्रत्येक देशानं आपापला कायदा करायचा. जर्मनी त्याविरुद्ध लक्झेंबर्गच्या युरोपियन न्यायालयात गेला आणि ५ ऑक्टोबर २००० ला जिंकला. न्यायालयाचं म्हणणं असं: मासिकं एका देशातून दुसऱ्या देशात जातात, म्हणून त्यातल्या जाहिरातींचा बाजाराशी संबंध लागतो. पण हॉटेलातल्या छत्र्या, टेबलावरचे ॲशट्रे, भिंतीवरची पोस्टर्स, सिनेमागृहातल्या जाहिराती? त्यावरची बंदी देशादेशांतल्या व्यापारातला कुठला अडथळा दूर करते? कुठलाच नाही. मग बाजाराच्या नावाखाली ती घालता येणार नाही. अख्खा निर्देश रद्द झाला.

पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला राग आला होता. इतकी माणसं मरताहेत आणि न्यायालय छत्र्या-ॲशट्रेचा हिशेब करतंय, असं वाटलं. पण नंतर कळलं की न्यायालयानं दार बंद केलं नव्हतं, दार कुठे आहे ते दाखवलं होतं. २००३ मध्ये नवा निर्देश आला. वर्तमानपत्रं, मासिकं, रेडिओ, इंटरनेट आणि सीमेपार पोचणारे पुरस्कृत कार्यक्रम एवढ्यापुरताच तो लिहिला होता. जर्मनी पुन्हा न्यायालयात गेला आणि डिसेंबर २००६ मध्ये हरला. टीव्हीवरच्या जाहिराती तर १९८९ च्या निर्देशानंच बंद केल्या होत्या.

आज युरोपात कुठेही सिगारेटचं पाकीट हातात घ्या, त्याच्यावर हा सगळा इतिहास छापलेला दिसतो. २०१४ च्या तंबाखू उत्पादन निर्देशाप्रमाणे पाकिटाच्या पुढच्या आणि मागच्या बाजूचा ६५ टक्के भाग इशाऱ्याचा, तोही वरच्या कडेपासून. काळवंडलेलं फुप्फुस, घशाला पडलेलं भोक, रुग्णालयाच्या खाटेजवळचं रडणारं कुटुंब. चित्रांचे तीन संच आहेत आणि ते दरवर्षी फिरवत राहायचे, म्हणजे डोळे सरावत नाहीत. भारतात हा इशारा ८५ टक्के जागा घेतो. या एका बाबतीत आपण युरोपच्या पुढे आहोत आणि हे अभिमानानं सांगावं असं आहे. पाकिटाच्या कडेला एक वाक्य असतं: तंबाखूच्या धुरात कॅन्सर करणारी ७० हून जास्त द्रव्यं आहेत. पाकिटात २० पेक्षा कमी सिगारेटी चालत नाहीत, कारण छोटं पाकीट स्वस्त पडतं आणि शाळकरी पोराच्या खिशाला परवडतं. लिपस्टिकसारख्या दिसणाऱ्या सडपातळ डब्यांवर बंदी. 'लाइट', 'माइल्ड' हे शब्द तर त्याआधीच्या कायद्यानं गेले होते. फ्रान्स, आयर्लंड, बेल्जियम, नेदरलँड्स, डेन्मार्क, फिनलंड यांसारखे देश आणखी पुढे गेले. तिथे सगळ्या ब्रँडची पाकिटं एकाच मळकट रंगाची, नाव साध्या अक्षरात. हे निर्देशात सक्तीचं नाही, पण करायला मोकळीक आहे.

मेंथॉलची गोष्ट थोडं थांबून सांगायला हवी. पुदिन्याच्या अर्कासारखा गारवा देणारं हे द्रव्य घशाची जळजळ झाकून टाकतं. पहिली सिगारेट ओढणाऱ्याला ठसका लागतो, डोळ्यांत पाणी येतं. तो ठसका म्हणजे शरीरानं दिलेली सूचना असते. मेंथॉल ती सूचना गप्प करतं. म्हणून युनियननं ठळक चवीच्या सिगारेटी बंद केल्या आणि मेंथॉलला २० मे २०२० पर्यंत मुदत दिली. पोलंडमध्ये मेंथॉलचा खप मोठा, त्यामुळे पोलंड न्यायालयात गेला. एका मोठ्या सिगारेट कंपनीनंही पूर्ण निर्देशालाच आव्हान दिलं. दोन्ही निकाल ४ मे २०१६ ला लागले आणि निर्देश शाबूत राहिला. इथेही युक्तिवाद बाजाराचाच होता: एका देशात मेंथॉल चालते, दुसऱ्यात बंद, मग माल मोकळेपणानं कसा फिरणार? नियम एकच हवा. आणि एकच नियम करायचा, तर तो आरोग्याचं जास्त रक्षण करणारा का नसावा?

तस्करीचा बंदोबस्तही याच निर्देशात आहे. मे २०१९ पासून प्रत्येक सिगारेट पाकिटावर स्वतंत्र ओळखक्रमांक असतो. कारखान्यातून निघाल्यापासून किरकोळ दुकानाच्या आधीच्या शेवटच्या टप्प्यापर्यंत तो जागोजागी स्कॅन होतो, म्हणजे माल कुठून गळाला ते सापडतं. हे क्रमांक देणारी संस्था तंबाखू उद्योगापासून स्वतंत्र असली पाहिजे, अशी अट आहे. आधी युनियननं बड्या कंपन्यांशीच करार केले होते. सगळ्यात मोठा २००४ चा, फिलिप मॉरिसबरोबरचा, १२ वर्षांत १२५ कोटी डॉलर द्यायचा. तस्करी रोखण्यात सहकार्य करू, असं त्यात कंपनीनं कबूल केलं होतं. २०१६ मध्ये तो संपला आणि पुन्हा केला नाही. माझ्या मते हे योग्यच झालं. ज्याचा माल पळतो त्याच्याच हातात कुलपाची किल्ली देऊ नये.

आता मराठी वाचकाला सगळ्यात जवळची वाटेल अशी गोष्ट. १९९२ मध्ये युरोपनं तोंडात धरायच्या तंबाखूवर बंदी घातली. स्वीडनमध्ये स्नूस नावाची ओलसर तंबाखू लोक वरच्या ओठाखाली ठेवतात. स्वीडन १९९५ मध्ये युनियनमध्ये आला तो स्नूस आपल्या देशात विकायची सूट मागून घेऊनच. बाकी सगळीकडे ती बंद. पण बंदीच्या व्याख्येतून चघळायची तंबाखू वगळलेली होती, कारण ती काही देशांत आधीपासून चालत आलेली. मग जर्मनीतल्या बव्हेरियामधून एक खटला युरोपियन न्यायालयात आला. एक तंबाखूविक्री कंपनी काही उत्पादनं 'चघळायची तंबाखू' म्हणून विकत होती. अधिकारी म्हणाले, ही तर तोंडात नुसती धरून ठेवायची आहे. प्रश्न असा पडला की चघळणं म्हणजे नेमकं काय?

माझ्या आजोबांच्या कमरेला चंची असायची. सुपारी, कात, चुन्याची डबी, आणि एका कप्प्यात तंबाखू. तळव्यावर अंगठ्यानं मळायची, वरून टाळी मारून धूळ उडवायची आणि बार दाढेखाली धरायचा. ते कधी चघळत नसत. अर्धा-अर्धा तास गाल फुगलेला असायचा. बोलताना मान थोडी वर करून, ओठ जुळवून बोलायचे. लक्झेंबर्गच्या न्यायाधीशांना जो फरक ऑक्टोबर २०१८ मध्ये ठरवावा लागला, तो आमच्या ओसरीवर सगळ्यांना ठाऊक होता. निकाल असा लागला: जी तंबाखू चघळल्याशिवाय तोंडात उतरतच नाही, तीच चघळायची. जी नुसती धरून ठेवली तरी काम करते, ती चघळताही येत असली तरी बंदीतच येते. म्हणजे आजोबांचा बार या व्याख्येनं बंदीत बसला असता.

स्वीडनमध्ये धूम्रपान खूप कमी आहे. २०२३ च्या युरोबॅरोमीटर पाहणीत तिथे ८ टक्के लोक ओढणारे निघाले, युनियनची सरासरी २४ टक्के आणि बल्गेरियात ३७. यावरून स्नूसवरची बंदी उठवा, असं म्हणणारे बरेच आहेत. स्नूस आपल्या तंबाखूसारखी नसते, हे मान्य. ती वाफेवर प्रक्रिया करून बनवतात आणि तिच्यातली घातक द्रव्यं तुलनेनं कमी असतात. तरीही बंदी उठवू नये असंच मला वाटतं. ज्या पोरानं सिगारेट कधी ओढलीच नाही, त्याच्या ओठाखाली निकोटिन ठेवून कुणाचं भलं होतं? आणि हा धोका आता खरा झालाय. तंबाखू अजिबात नसलेल्या निकोटिनच्या पांढऱ्या पुड्या बाजारात आल्या आहेत. त्यांत तंबाखू नाही, त्यामुळे स्नूसच्या बंदीत त्या बसत नाहीत. बेल्जियमनं त्या स्वतःच २०२३ मध्ये बंद केल्या. शेजारच्या देशात मिळत असतील तर त्या बंदीचं काय होणार, हे पुलावर उभं राहिलेल्या कुणालाही कळेल.

सार्वजनिक जागी ओढायला बंदी मात्र युनियनच्या हातात नाहीच. आयर्लंडनं २९ मार्च २००४ ला पब-हॉटेलांसह सगळ्या कामाच्या जागी धूम्रपान बंद केलं, तेव्हा देशभर असं करणारा तो जगातला पहिला देश होता. फ्रान्सनं जून २०२५ च्या अखेरीपासून समुद्रकिनारे, बागा आणि बसथांब्यांवरही बंदी घातली. ब्रसेल्स इथे फक्त शिफारस करतं.

सगळ्यात दुबळी कडी आहे ती कराची. सिगारेट महाग झाली की लोक, विशेषतः तरुण, कमी ओढतात, हे तंबाखूच्या अभ्यासात सगळ्यात पक्कं ठरलेलं सत्य आहे. पण कराच्या कायद्याला युनियनमध्ये सगळ्या २७ देशांची संमती लागते. एकानं नकारार्थी मान हलवली की गाडी थांबते. सध्याच्या निर्देशात १,००० सिगारेटींवर किमान ९० युरो अबकारी कर आहे. म्हणजे २० च्या पाकिटाला १ युरो ८० सेंट. त्यापुढे कोणी कितीही लावावा. फ्रान्सनं भरपूर लावला, स्पेन आणि लक्झेंबर्गनं बेतानं. परिणाम बूर-मादामच्या पुलावर दिसतो. पलीकडून स्वतःसाठी आणलेल्या मालावर परत आल्यावर पुन्हा कर भरायचा नाही, हाही बाजाराचाच नियम. आणलेला माल स्वतःसाठीच आहे की विकायला, हे ठरवताना ८०० सिगारेटी हा आकडा खूण म्हणून धरतात. फ्रान्सनं मध्ये ही मर्यादा २०० वर आणली होती. पण तिथल्याच सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानं २०२३ मध्ये सांगितलं की असा सरसकट आकडा युरोपियन कायद्यात बसत नाही. २०२४ मध्ये फ्रान्सला माघार घ्यावी लागली. सीमेवरच्या लाल गाजराच्या दुकानदारांची तक्रार त्यामुळे समजण्यासारखी आहे.

इथपर्यंत सिगारेटचा प्रवास झाला. आता पेशंटचा.

या प्रवासाची सुरुवातही लक्झेंबर्गचीच. नव्वदच्या दशकात तिथल्या कोल नावाच्या गृहस्थांना आपल्या मुलीचे दात सरळ करून घ्यायचे होते. डॉक्टर जर्मनीतल्या ट्रियरचा, मोटारीनं तासाभराच्या आत. विमा संस्थेनं परवानगी नाकारली: उपचार तातडीचा नाही आणि इथेही होतो. त्याच सुमाराला लक्झेंबर्गच्याच डेकर नावाच्या दुसऱ्या गृहस्थांनी बेल्जियमच्या आर्लों गावातून चष्मा आणला. नंबर लक्झेंबर्गच्या डॉक्टरनं लिहून दिलेला. पैसे परत मागितले तर उत्तर आलं, आधी परवानगी घेतली नव्हती. दोघंही भांडत भांडत युरोपियन न्यायालयापर्यंत गेले. २८ एप्रिल १९९८ ला न्यायालयानं म्हटलं: चष्मा हा माल आहे, दातांचा उपचार ही सेवा आहे. माल आणि सेवा मोकळेपणानं फिरल्या पाहिजेत. आजारपण आहे म्हणून बाजाराचा हक्क संपत नाही.

ज्या कलमांच्या आधारानं सिगारेट सीमा ओलांडत होती, त्याच तत्त्वावर आता एका मुलीचे दात सीमा ओलांडू लागले. मला हा निकाल फार महत्त्वाचा वाटतो, कारण इथे पहिल्यांदा हा हक्क एका साध्या घरातल्या बापाच्या हातात आला.

पुढे २००६ मध्ये इंग्लंडच्या वॉट्स बाईंचा निकाल आला. दोन्ही खुबे झिजलेले, भयंकर दुखणं, आणि सरकारी सेवेत लांबलचक प्रतीक्षायादी. त्या फ्रान्समध्ये जाऊन शस्त्रक्रिया करून आल्या. न्यायालय म्हणालं, वाट पाहायला लावण्याचा काळ त्या रुग्णाच्या अवस्थेला धरून वाजवी आहे का, हे तपासलं पाहिजे. यादी आहे एवढं कारण पुरत नाही. अशा निकालांची रास झाल्यावर २०११ मध्ये रुग्णहक्कांचा निर्देश आला आणि ऑक्टोबर २०१३ पर्यंत देशांनी तो आपापल्या कायद्यात आणायचा होता.

आज युनियनमधल्या माणसाला दुसऱ्या देशात उपचार घ्यायचे तर तीन वाटा आहेत, आणि त्यांची गल्लत फार होते. सहलीला गेला आणि पाय मोडला, तर युरोपियन आरोग्य विमा कार्ड. ते दाखवलं की तिथल्या सरकारी यंत्रणेत तिथल्या माणसासारखे उपचार होतात. जर्मनीत सरकारी विमा असलेल्याच्या आरोग्य कार्डाची मागची बाजू हेच कार्ड असते. म्युनिकमध्ये नोकरी करणाऱ्या मराठी मंडळींपैकी कितीतरी जणांच्या पाकिटात ते असतं आणि त्यांनी ते कधी उलटून पाहिलेलं नसतं. पुण्याहून त्यांना भेटायला आलेल्या आई-बाबांना मात्र हे लागू नाही. त्यांच्या शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा काढावाच लागतो.

दुसरी वाट ठरवून केलेल्या उपचारांची, आधी मंजुरी घेऊन. एस-टू नावाचा फॉर्म मिळाला की उपचार त्या देशाच्या दरानं होतात आणि हिशेब दोन देशांच्या संस्था आपसात मिटवतात. आपल्या देशाच्या विम्यात बसणारा उपचार तिथे वैद्यकीयदृष्ट्या वाजवी वेळात मिळणार नसेल तर ही मंजुरी नाकारता येत नाही.

तिसरी वाट २०११ च्या निर्देशाची. इथे खासगी रुग्णालयही चालतं आणि बऱ्याच उपचारांना आधी परवानगी लागत नाही. रात्रभर रुग्णालयात राहावं लागणार असेल किंवा उपचार फार विशेष असेल, तर देश परवानगीची अट घालू शकतो. पैसे आधी पेशंटनं भरायचे, मग घरच्या दरापर्यंत परत मिळतात. समजा एका शस्त्रक्रियेचा घरचा दर ६,००० युरो आहे. बाहेर ५,००० लागले तर ५,००० मिळतील, ८,००० लागले तर ६,००० च. वरचे २,००० आणि विमानाचं तिकीट आपलं.

या 'आधी भरा' मध्येच मेख आहे. ज्याच्याकडे ६,००० युरो बाजूला पडलेले आहेत, त्यालाच हा हक्क वापरता येतो. रोमानियातल्या शेतमजुराला कायद्यानं तोच हक्क आहे, पण त्याच्या खिशाला नाही. युरोपियन लेखापरीक्षकांच्या २०१९ च्या अहवालात म्हटलंय की या निर्देशाचा उपयोग वर्षाला सुमारे २ लाख रुग्ण करतात, युनियनच्या लोकसंख्येच्या ०.०५ टक्क्यांहूनही कमी. माहितीही लोकांपर्यंत पोचत नाही. प्रत्येक देशात एक संपर्क केंद्र असतं, तिथे सगळं विचारता येतं, पण ते आहे हेच कित्येकांना ठाऊक नसतं. आणि एक साधं कारण मी विसरणार नाही: आजारी माणसाला आपल्या भाषेत विव्हळायचं असतं, आणि उशाशी आपलं माणूस हवं असतं.

म्हणून ज्या ठिकाणी पेशंटला हलवायची गरजच पडत नाही, तिथे युरोपनं जास्त चांगलं काम केलंय. दुर्मीळ आजारांसाठी मार्च २०१७ मध्ये २४ युरोपियन संदर्भ जाळी, म्हणजे वेगवेगळ्या देशांतल्या तज्ज्ञ रुग्णालयांच्या जोडण्या, सुरू झाल्या. एखादा आजार देशात पाच-दहा जणांनाच असेल तर त्याचा जाणकार डॉक्टर त्या देशात तयार होणार कसा? मग फायली, स्कॅन आणि नमुन्यांचे अहवाल फिरतात, वेगवेगळ्या देशांतले डॉक्टर एकत्र बसून ठरवतात आणि मूल आपल्या घरीच राहतं. फिनलंडच्या डॉक्टरनं संगणकावर लिहिलेलं औषध जानेवारी २०१९ पासून एस्टोनियाच्या औषधाच्या दुकानात मिळू लागलं. हेलसिंकी ते टॅलिन बोटीचा प्रवास दोन तासांचा, रोज हजारो माणसं ये-जा करतात. त्यांच्यासाठी ही केवढी सोय. आणि मार्च २०२० मध्ये, सीमा बंद होत असताना, फ्रान्सच्या म्युलूझमधले श्वास कोंडलेले करोना रुग्ण जर्मनी, लक्झेंबर्ग आणि स्वित्झर्लंडनं आपल्या अतिदक्षता विभागांत घेतले. त्यासाठी फॉर्मची वाट कुणी पाहिली नाही.

आता पुन्हा पुचसर्दाला येऊ. हे गाव आणि बूर-मादाम ज्यावर वसलंय, ते सर्दान्या हे उंचावरचं पठार. १६५९ च्या तहानं ते फ्रान्स आणि स्पेनमध्ये वाटलं गेलं. फ्रान्सला ३३ 'खेडी' मिळाली, पण ल्यीव्हियाला शहराचा दर्जा होता म्हणून ते स्पेनकडे राहिलं, आणि आजही चहूबाजूंनी फ्रान्सनं वेढलेलं आहे. पठारावर साधारण ३०,००० लोक राहतात. कुठल्याही एका देशाला एकट्यानं इथे सुसज्ज रुग्णालय परवडण्यासारखं नव्हतं. फ्रान्सकडच्या बाईला कळा सुरू झाल्या तर सुमारे १०० किलोमीटरवरचं पेर्पिन्याँ गाठावं लागायचं, घाटातून, हिवाळ्यात बर्फातून. शेवटी स्पेनचा कातालोनिया प्रांत आणि फ्रान्स यांनी मिळून रुग्णालय उभं केलं. खर्च ३ कोटी १० लाख युरो, त्यातले ६० टक्के युनियनच्या निधीतून. चालवण्याचा भार ६० टक्के कातालोनियाचा, ४० टक्के फ्रान्सचा.

इमारत झाली आणि मग खऱ्या अडचणी पुढे आल्या. इथे जन्मलेलं फ्रेंच बाळ कागदोपत्री परदेशात जन्मलेलं ठरतं. फ्रेंच डॉक्टरला काम करायचं तर नोंदणी स्पेनमध्ये हवी. आणि फ्रान्सकडच्या गावातला म्हातारा इथे गेला, तर त्याचा देह दोन-चार किलोमीटरवर घरी न्यायचा म्हणजे आंतरराष्ट्रीय मृतदेह वाहतूक. शवपेटीचे, कागदांचे सगळे नियम लागायचे. ते सोपं करायला दोन्ही सरकारांना वेगळा करार करावा लागला.

याच रुग्णालयाच्या दारात उभं राहून मला एक हिशेब मांडावासा वाटतो. बूर-मादामचा एक माणूस वीस वर्षं पूल ओलांडून सिगारेट आणतो. त्या प्रत्येक पाकिटावरचा कर स्पेनच्या तिजोरीत जातो. पुढे एक दिवस त्याचं हृदय दगा देतं आणि ॲम्ब्युलन्स त्याला त्याच सीमेपलीकडे आणते. या वेळी बिल फ्रान्सच्या आरोग्य विम्याकडे जातं. कर एकाला आणि आजार दुसऱ्याला. आरोग्याचं धोरण देशाचं आणि बाजार सगळ्यांचा, या जुन्या वाटणीतून निघालेला हा हिशेब आहे. फ्रान्सनं कर वाढवून लोकांना वाचवायचं ठरवलं, तरी त्या प्रयत्नाला शेजारच्या दुकानात भोक पडतं.

हे भोक बुजवायचा उपाय सगळ्यांना ठाऊक आहे. जुलै २०२५ मध्ये युरोपियन कमिशननं किमान कर १,००० सिगारेटींमागे ९० वरून २१५ युरोंवर न्यायचा प्रस्ताव मांडला. म्हणजे पाकिटामागे १ युरो ८० सेंटऐवजी ४ युरो ३० सेंट. निकोटिनच्या पुड्या आणि व्हेपिंगचे, म्हणजे ई-सिगारेटचे, द्रवही त्यात पहिल्यांदाच घेतले आहेत. प्रस्ताव कराचा असल्यामुळे तो २७ च्या २७ देशांना मान्य व्हावा लागतो. तो मंजूर झाला तरी दोन्ही बाजूंच्या किमती सारख्या होणार नाहीत. पण कमी कर लावणाऱ्यांना वर यावं लागेल, आणि पिशवी घेऊन पूल ओलांडणाऱ्याचा फायदा काही युरोंनी घटेल.